‘फोन जरा बाईंकडे द्या’: अँकरेजच्या ताईंना पत्र

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

आईला मुंबईच्या विमानात बसवून आले त्याला आज बरोबर तीन आठवडे झाले. त्याच रात्री तुम्हाला फोन केला होता. ‘आभार कसले मानतेस गं, मी काय केलं?’ म्हणालात आणि विषय बदललात. तुम्ही काय केलंत ते फोनवर मला धड सांगता आलं नाही, घसा दाटून आला. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव कुठे यायला नको असं तुम्ही बजावलंय, ते पाळते. तुम्हाला ओळखणारे ओळखतीलच.

माझी आई कोरेगावला, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला, शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवत होती. ‘हिमनदीचे कार्य’ हा तिचा सगळ्यात आवडता धडा. पांढरा खडू आडवा धरून ती फळ्यावर वरून खाली हिमनदी ओढायची आणि कडेने तांबड्या खडूचे ठिपके द्यायची, ते हिमोढ, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेली दगडमाती. पार्श्व हिमोढ, मध्य हिमोढ, अंत्य हिमोढ, भूहिमोढ. समोर बसलेल्या पोरांना बर्फ म्हणजे वळवाच्या गारा आणि जत्रेतला गोळा एवढंच ठाऊक. त्या पोरांना ती सांगायची की बर्फ नदीसारखा वाहतो, डोंगर किसतो आणि किसलेले दगड पाठीवर घेऊन चालतो. मीही त्याच वर्गात होते, तिसऱ्या बाकावर. पोरांनी विचारलं, ‘बाई, तुम्ही बघितलीय का हिमनदी?’, तर ती सरळ सांगायची, ‘नाही रे. पुस्तकात बघितलीय.’

या उन्हाळ्यात ती माझ्याकडे अमेरिकेत, मिनियापोलिसला आली. वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे, रक्तदाबाची गोळी चालू. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आईला हिमनदीवर उभी करायचीच. तिचा हात बर्फाला लागला पाहिजे आणि तो फोटो तिच्या शाळेत लागला पाहिजे.

पुढचे दोन महिने कसे गेले ते तुम्हाला थोडक्यात सांगितलं होतं, इथे पुन्हा लिहिते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. एका सहल कंपनीने हेलिकॉप्टरने बर्फावर उतरवायचं कबूल केलं, पैसे घेतले आणि पंधरा दिवसांनी गुडघ्यांचं कारण पुढे करून नाही म्हणून कळवलं. गुडघ्यांचं मी पहिल्याच फोनला सांगितलं होतं. पैसे परत आले तेही कापून. दुसऱ्या एकाने न विचारताच जहाजाची सहल गळ्यात मारायला घेतली, ‘ज्येष्ठांसाठी तेच बरं’ म्हणून. आमच्याच नात्यातल्या एकांनी सुचवलं, ‘या वयात एवढ्या लांब कशाला, नायगारा दाखव की.’ प्रत्येकाने मला आईचं वय विचारलं, वजन विचारलं, विम्याचं विचारलं. हे सगळं फोन स्पीकरवर ठेवून चाललेलं आणि आई समोर बसून भाजी निवडतेय. एका बाईने तर ‘पेशंट किती चालू शकतात?’ असं विचारलं. आई काही बोलली नाही. निवडलेली मेथी परातीत घालून आत गेली. रात्री म्हणाली, ‘जाऊ दे गं, राहिलं तर राहिलं.’

मग इथल्या मंडळातल्या मैत्रिणीने तुमचा नंबर दिला. अलास्कात, अँकरेजला बरीच वर्षं राहतात, भटक्या आहेत, मदत करतात, एवढंच तिने सांगितलं होतं. मी सवयीने वय, गुडघे, गोळ्या, बजेट असं सगळं एका दमात सांगून मोकळी झाले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, ‘आई आहेत का तिथे? त्या शिक्षिका होत्या ना? फोन जरा बाईंकडे द्या.’

ताई, हे पत्र मी लिहितेय ते या वाक्यासाठी. दोन महिन्यांत आम्ही किती जणांशी बोललो त्याची गणती नाही, पण फोन आईकडे द्या असं कुणीही म्हणालं नव्हतं. आणि मी तरी कुठे म्हटलं होतं?

आईने हात पदराला पुसले आणि फोन घेतला. तुम्ही ‘नमस्कार बाई’ म्हणालात. कोरेगाव सुटल्यापासून तिला कुणी बाई म्हटलेलं नव्हतं. माझ्या घरी ती आई होती, नातवंडांची आजी होती, फोनवरच्या लोकांसाठी ‘पेशंट’ होती. ती खुर्चीत सावरून ताठ बसली. तुम्ही विचारलंत, ‘बाई, हिमनदीच्या धड्यातलं तुम्हाला नेमकं काय बघायचंय?’

मला वाटलं होतं ती म्हणेल, बर्फ. ती म्हणाली, ‘मला मध्य हिमोढ बघायचाय.’

मग ती बोलतच राहिली. दोन हिमनद्या एकत्र आल्या की आतल्या बाजूचे दोन पार्श्व हिमोढ जुळून मधोमध एक पट्टा तयार होतो, तो ३१ वर्षं फळ्यावर काढला, पण मुलांना तो नीट कळत नाही असं नेहमी वाटायचं, आपल्यालाच कळला नसेल अशीही शंका यायची. बोलता बोलता तिने टेबलावरच्या मेणकापडावर बोटाने दोन रेघा ओढल्या, त्या एकत्र आणल्या आणि जिथे जुळल्या तिथे बोट टेकून ठेवलं. तुम्हाला ते दिसत नव्हतं, तरी तुम्ही मध्येमध्ये ‘हं, बरोबर’ म्हणत होतात. मला दिसत होतं. चाळीस मिनिटं बोललात तुम्ही दोघी. शेवटी फोन माझ्याकडे आला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘बर्फाला हात लावायचा हट्ट बाईंचा नाहीये, तुझा आहे. त्यांना मॅकार्थीला घेऊन जा. तिथे त्यांना हिमोढ दारातून दिसेल.’

ते ऐकून मला लागलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ते खरं होतं. एवढं खरं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

मॅकार्थी हे नावही मी ऐकलं नव्हतं. रँगल–सेंट इलायस हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान, १ कोटी ३२ लाख एकरांचं, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ एक षष्ठांश. त्याच्या पोटात हे एवढंसं गाव, हिवाळ्यात मोजकी माणसं राहणारं. तिथून पाच मैलांवर केनेकॉटची बंद पडलेली तांब्याची गिरणी, आणि गिरणीच्या पुढ्यात हिमनदी. तुम्ही कार्यक्रम आखून दिलात तो आईचा दिवस कसा जातो ते विचारून. एक दिवसाची धावपळ नको, तीन रात्री राहा. जून नको, डास हैराण करतील, ऑगस्टच्या शेवटी या. मुक्काम खाली गावात नको, वर केनेकॉटला करा, म्हणजे बाईंना रोज ये-जा पडणार नाही. खोली तळमजल्यावर मिळावी म्हणून तुम्ही स्वतः फोन केलात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. गोळ्या दुप्पट बांधायला लावल्यात, कारण जवळचा दवाखाना ग्लेनअॅलनला, सव्वाशे मैलांवर. आणि खडीच्या रस्त्यावर गाडी न्यायला लेखी परवानगी देणाऱ्याकडूनच गाडी घ्यायला सांगितलंत. ‘बरेच जण देत नाहीत, आणि ते करारात खाली बारीक अक्षरात असतं,’ म्हणालात. मी आधी जिथे गाडी ठरवली होती तिथे विचारलं, तर खरंच परवानगी नव्हती. पैसे भरताना मात्र त्यांच्यापैकी कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

अँकरेजहून निघालो त्या दिवशी पाऊस होता. चिटिना येईपर्यंत आई गप्पच होती. तिथे कॉपर नदीच्या पुलावर गाडी हळू केली, तर पाण्याच्या रेट्याने आपोआप फिरणारी मासे पकडायची मोठाली चाकं दिसली. ‘रहाटगाडगंच की गं हे,’ ती म्हणाली आणि खुलली. तिथून पुढे साठ मैल, म्हणजे ९६ किलोमीटर, खडीचा रस्ता. हा रस्ता म्हणजे जुन्या रेल्वेचा मार्ग. गिरणीचं तांबं कॉर्डोव्हा बंदरापर्यंत न्यायला १९११ मध्ये पुरी झालेली रेल्वे १९३८ ला बंद पडली, नंतर रूळ उखडले, पण त्यांचे खिळे अजूनही मातीतून डोकं वर काढतात. तुम्ही सांगितलं होतंत, ‘स्टेपनी पूर्ण मापाचीच घे, लहान चालणार नाही.’ कुस्कुलाना नदीचा पूल लागला. १९१० साली बांधलेला, नदीपासून २३८ फूट उंच, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. आईने खाली बघितलं, मी नाही. तो ओलांडून थोडं पुढे गेलो आणि मागचं चाक बसलं.

जॅक कुठे लावायचा ते मी शोधत होते तेवढ्यात समोरून एक जुना पिकअप आला आणि न विचारता थांबला. साठीचा माणूस, हाताला काळं तेल. त्याने वीसेक मिनिटांत चाक बदललं, काढलेल्या टायरातला खिळा पकडीने उपसून आईच्या हातात दिला आणि सांगितलं, ‘शंभर वर्षांपूर्वीचा असेल.’ मी पैसे काढले तर तो दोन पावलं मागेच सरला. त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं. ताई, आपण म्हणतो माणुसकी उरली नाही, मीही म्हणत होते, या दोन महिन्यांत तर रोज म्हणत होते. पण मला वाटतं, जिथे मदतीला दुसरं कुणी येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे माणसं थांबतात. आमच्या आजोळी घाटात गाडी बंद पडली तर एस.टी.चा ड्रायव्हर उतरून हात लावायचा, तसंच हे. आणि तुम्ही तर रस्त्यातही नव्हतात, शहरात होतात, फोन बंद करून टाकायला मोकळ्या होतात.

गाडी नदीच्या अलीकडेच ठेवावी लागली. केनिकॉट नदीवरचा पूल पायी जाणाऱ्यांचा. तुम्ही आईला सांगितलं होतं की १९९७ साली हा पूल होईपर्यंत लोक तारेला टांगलेल्या पाळण्यात बसून हाताने दोर ओढत पलीकडे जायचे. पुलाच्या मध्यावर थांबून ती खालचं राखाडी पाणी बघत राहिली. ‘दगडाचं पीठ आहे हे,’ म्हणाली, ‘बर्फाने दळलेलं.’ सामान हातगाडीवरून पलीकडे नेलं, तिथून छोट्या गाडीने वर.

केनेकॉटची ती १४ मजली तांबडी गिरणी डोंगराला टेकून उभी आहे. संध्याकाळ होती, पाऊस उघडला होता. आमच्याबरोबर गाडीतून उतरलेल्या एका कुटुंबाने समोर बघितलं आणि त्यांचे चेहरेच पडले. खाली दरीभर नुसते राखाडी दगडमातीचे उंचवटे, मैलोन्‌मैल. त्यांच्यातला मुलगा म्हणाला, ‘खाणीचा कचरा आहे का हा सगळा?’ माझ्या पोटात गोळा आला. एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि आईला दाखवलं काय, तर खडीचे ढीग.

आई कठड्यापाशी गेली. कठडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. मग मला हाक मारली. ‘ये इकडे. हे सगळं खालून बर्फ आहे. वर पांघरलेत ते दगड.’ तिने बोट केलं तिकडे एका उंचवट्याची कड कोसळून काळपट ओली भिंत उघडी पडली होती, बर्फाची. तिच्याखाली हिरवट पाण्याचं डबकं. आम्ही बघत असतानाच वरून चारदोन दगड सुटले आणि खडखडत डबक्यात गेले. आवाज आमच्यापर्यंत पोचायला क्षणभर लागला. आई म्हणाली, ‘चालू आहे बघ अजून त्याचं काम.’

दुसऱ्या दिवशी ढग पूर्ण उठले. वर ब्लॅकबर्न शिखर दिसलं, १६,३९० फुटांचं, आणि त्याच्या अंगावरून उतरणारी केनिकॉट हिमनदी. उजवीकडून पांढरी रूट हिमनदी येऊन तिला मिळते. आणि त्या संगमातून खाली दगडांचे काळे-करडे पट्टे निघालेले, शेताला फणी मारावी तसे. आईने मुकाट्याने माझा हात धरला आणि माझ्या तळहातावर बोटाने दोन रेघा ओढून जुळवल्या, मेणकापडावर ओढल्या होत्या तशाच. ‘बरोबर शिकवलं होतं गं मी,’ म्हणाली.

तो हात मी बराच वेळ तसाच ठेवला होता, ताई.

त्या दिवशी रूट हिमनदीच्या वाटेने आम्ही निघालो. बर्फापर्यंत साधारण दोन मैल. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, ‘पोचायचंच असं काही नाही. बाई म्हणतील तिथून परत फिर.’ वाट पार्श्व हिमोढाच्या कडेकडेनेच जाते. अर्ध्या वाटेवर एका खडकावर टेकली असताना तिला मुठीएवढा एक दगड सापडला. एका बाजूने घासून सपाट झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे. चष्मा कपाळावर चढवून तिने तो डोळ्यांजवळ धरला, ओरखड्यांवरून नख फिरवलं, आडवा-उभा करून मला चार फोटो काढायला लावले. घेऊन जाऊ या का, असं मीच विचारलं. नाही म्हणाली, इथला आहे तो. आणि जसा होता तसा, ओरखडे खाली करून, परत ठेवला. मग म्हणाली, चला आता, चहा घेऊ. बर्फाला हात न लावता आम्ही परत आलो. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत मलाही वाटेनासं झालं होतं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कळवायची राहिली. मुक्कामाच्या ठिकाणी भिंतीवर गिरणीचे जुने फोटो आहेत. त्यांत बर्फाची पातळी आजच्यापेक्षा केवढी तरी उंच दिसते. आई त्या फोटोंपुढून हलेना. बाहेर जाऊन दरी बघायची, परत आत येऊन फोटो बघायची. जेवताना म्हणाली, ‘मी शिकवत होते तेव्हाही हे खालीच चाललं होतं. आपण धड्यात ते कधी घेतलंच नाही.’ रात्री तिने वही काढली. नावातल्या चुकीचीही तिला गंमत वाटली. हिमनदी केनिकॉट, रॉबर्ट केनिकॉट या निसर्गशास्त्रज्ञाच्या नावाची, आणि कंपनीने लिहिताना एक अक्षर चुकवलं म्हणून गिरणी केनेकॉट. ‘शुद्धलेखनाची चूक नकाशावर कायमची बसली,’ असं वहीत तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

ताई, त्या सहलवाल्यांकडे विमानं होती, माणसं होती, छापील पुस्तिका होत्या. तुमच्याकडे यातलं काही नव्हतं. तुम्हाला आमच्याकडून काही मिळणारही नव्हतं. चहाला या म्हटलं तर अँकरेजच्या विमानतळावर तुम्हीच डबा घेऊन आलात आणि कामाला जायचंय म्हणून दहा मिनिटांत निघूनही गेलात. त्या दहा मिनिटांतही तुम्ही बोललात ते आईशी. वाकून नमस्कार केलात तेव्हा तिने तुमच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, ‘कुठल्या शाळेत होतीस तू?’ मी विचारायला हवं होतं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. परत आल्यावर मी एक गोष्ट बदललीय, तेवढी सांगते. त्यानंतर आई इथे होती तोवर तिच्या डॉक्टरांचा फोन आला की मी उत्तरं देत बसले नाही, ‘थांबा हं, देते तिला’ म्हणायचे.

आई कोरेगावला पोचली. परवा शाळेत गेली होती. तिच्या जागी आता तिचीच एक विद्यार्थिनी शिकवते, तिने आईला सातवीच्या वर्गावर तास घ्यायला बोलावलं. आईने फोटो नेले होते, पण आधी फळ्यावर खडूनेच काढून दाखवलं म्हणे. आणि तो गंजका खिळा वर्गात सगळ्यांच्या हातांतून फिरवला.

तिचा निरोप आहे, जसाच्या तसा देते. तुम्ही तिला हिडन क्रीकच्या तळ्याचं सांगितलं होतंत ना, हिमनदीने बांध घातल्यामुळे तुंबणारं आणि दर उन्हाळ्यात बर्फाच्या खालून वाट काढून रिकामं होणारं, की मग पुलाखाली नदी एकदम फुगते. आम्ही गेलो तोवर ते होऊन गेलं होतं. आई विचारतेय, यंदा ते कोणत्या तारखेला झालं, पाणी किती चढलं, आणि पुढच्या वर्षी झालं की तिला लगेच फोन कराल का. तिचा कोरेगावचा नंबर तुमच्याकडे आहेच. माझ्याकडे निरोप ठेवू नका, तिलाच करा.

तुमची,
कोरेगावच्या बाईंची मुलगी